इंजिनाचा श्वास : एका वाकड्या नळीचा इतिहास

मेहकरला दहावी-अकरावीच्या मुलांशी इंजिनाबद्दल बोलू लागलो, की आम्हांला एक प्रश्न हमखास येतो : "सर, इंजिन तेच ठेवून नुसती हवेची नळी बदलली तर गाडीची ताकद खरेच वाढते का?" प्रश्न कुठून येतो हे कळायला वेळ लागत नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग वाहतुकीस मिळाला. या मार्गावर चढण्या-उतरण्याची सोय मेहकरजवळ आहे. त्यामुळे पूर्वी फक्त चित्रात दिसणाऱ्या बसक्या, रुंद चाकांच्या स्पोर्ट्स कार आता मुलांना प्रत्यक्ष दिसतात. त्यांच्या इंजिनात 'सुधारणा' करणारे भाग बाजारात मिळतात, हेही मुलांना ठाऊक असते. या भागांत इनटेक मॅनिफोल्डचे नाव वरचेवर ऐकू येते.

मॅनिफोल्ड म्हणजे बाहेरची हवा इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरपर्यंत वाटून देणारी फाटे फुटलेली नळी. तिच्यात फिरणारा भाग सहसा नसतो. दिसायला ती एखाद्या वाकवलेल्या पंजासारखी असते. अशा निर्जीव नळीने इंजिनाची शक्ती कमी-जास्त कशी होईल, अशी शंका येणे साहजिक आहे. तरी होते, हे खरे. मात्र "वाढते का?" हा प्रश्न अपुरा आहे. "मिनिटाला किती फेऱ्यांवर वाढते आणि त्या बदल्यात कुठे घटते?" असा प्रश्न विचारावा लागतो. हा दुसरा प्रश्न विचारायला अभियंत्यांना जवळजवळ पाऊणशे वर्षे लागली. त्या पाऊणशे वर्षांचा इतिहास आपण पाहू या. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील ध्वनीचे प्रकरण शिकवायला तो फार उपयोगी पडतो.

ओली नळी

निकोलाउस ऑटो यांनी १८७६ साली चार धावांचे इंजिन चालवून दाखवले. चोषण, संपीडन, ज्वलन, उत्सर्जन हा क्रम आपण आजही फळ्यावर लिहितो. त्यांतील पहिली धाव म्हणजे इंजिनाचा श्वास. दट्ट्या खाली सरकतो, सिलिंडरमधील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो आणि हवा आत ढकलली जाते. येथे एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी. शक्ती इंधनातून येते हे खरे, पण किती इंधन जाळता येईल हे आत आलेली हवा ठरवते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येईल. अडचण हवेची आहे.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडीला एकच सिलिंडर होता. पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळायची, अशी त्यांची साधी युक्ती होती. १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी बारीक तोटीतून हवेच्या झोतात पेट्रोलचा फवारा सोडणारा कार्ब्युरेटर तयार केला. पुढे सिलिंडर दोनाचे चार झाले. प्रत्येकाला वेगळा कार्ब्युरेटर देणे महाग आणि कटकटीचे होते. म्हणून कार्ब्युरेटर एकच ठेवून त्याला चार फाटे काढले. मॅनिफोल्डचा जन्म असा काटकसरीतून झाला.

या काटकसरीची किंमत मोजावी लागली. फवाऱ्यातील सगळे पेट्रोल वाफ होत नाही. काही थेंब नळीच्या भिंतीला चिकटतात आणि पातळ थर बनून सावकाश पुढे सरकतात. वळणावर हवा सहज वळते, जड थेंब सरळ जाऊन आपटतात. त्यामुळे एका सिलिंडरला जास्त पेट्रोल मिळते, तर दुसऱ्याला कमी. थंडीत हा त्रास आणखी वाढतो. सकाळी चोक ओढल्याशिवाय गाडी सुरू न होण्याचे कारण हेच होते.

यावर उपाय म्हणून मॅनिफोल्ड धुराच्या तापलेल्या नळीला चिकटवून बसवू लागले. उष्णतेने पेट्रोलची वाफ होई. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायच्या शेतीच्या इंजिनांत तर ही उष्णता अत्यावश्यकच होती, कारण रॉकेल पेट्रोलपेक्षा अवघड वाफ होते. पण तापलेली हवा विरळ असते. तितक्याच आकारमानात तिचे वस्तुमान कमी भरते, म्हणजे शक्तीही कमी. इंधनाची वाफ हवी तर हवा गरम करा, हवा भरपूर हवी तर ती थंड ठेवा. दोन्ही एकदम साधत नाही. मॅनिफोल्डच्या इतिहासातील ही पहिली तडजोड. पुढच्या साऱ्या तडजोडी याच जातीच्या आहेत.

बाजारातील पहिली नळी

कारखान्याने दिलेली नळी काढून दुसरी बसवण्याचा उद्योग अमेरिकेत, कॅलिफोर्नियात मूळ धरू लागला. १९३२ साली फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत आणले. जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात मिळत. तरुण मंडळी त्यांचे पत्रे उतरवून त्या हलक्या करीत आणि म्युरॉक येथील कोरड्या तलावाच्या सपाट तळावर वेगाच्या शर्यती लावीत. लॉस एंजलिसमध्ये गॅरेज चालवणारे व्हिक एडलब्रॉक या मंडळींपैकीच एक होते. कारखान्याच्या मॅनिफोल्डवर एक कार्ब्युरेटर होता. एडलब्रॉक यांनी १९३८ मध्ये दोन कार्ब्युरेटर बसतील असा ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड ओतून घेतला. त्याचे नाव 'स्लिंगशॉट', म्हणजे गलोल. शर्यतीतील त्यांची गाडी पाहून इतरांनीही तो मागितला. स्वतःसाठी बनवलेली वस्तू अशी विकाऊ झाली आणि त्या गॅरेजातून पुढे मोठा कारखाना उभा राहिला.

या काळातील कारागिरांचा विचार सरळ होता : वाट मोठी करा, अडथळे कमी करा, जास्त हवा जाईल. वरच्या वेगाला तो खराही ठरे. पण मोठ्या वाटेची दुसरी बाजू लवकरच दिसली. पैनगंगेचे पाणी अरुंद पात्रातून जोरात वाहते आणि पसरट पात्रात संथ होते. नळीतील हवेचेही तसेच. नळी रुंद केली की इंजिन हळू फिरत असताना हवेचा वेग फार कमी होतो, पेट्रोलचे थेंब खाली बसतात आणि गाडी गचके देऊ लागते. शर्यतीत जिंकणारी गाडी गावातल्या रस्त्यावर रडते, हा अनुभव अनेकांना आला. कारण मात्र पुरते उलगडले नव्हते. त्यासाठी हवेकडे वाहणारी वस्तू म्हणून पाहणे पुरेसे नव्हते. ती थरथरणारी वस्तू आहे, हेही ध्यानात घ्यावे लागणार होते.

नळीतला नाद

रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली की ठरावीक स्वर निघतो. बाटलीत थोडे पाणी ओतले की स्वर चढतो. पोकळीचे आकारमान आणि मानेची लांबी-रुंदी यांवर तो स्वर कसा ठरतो, याचा अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी केला आणि १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. त्यांना रस संगीतात आणि कानाच्या रचनेत होता. मोटारगाडी तेव्हा अस्तित्वातही नव्हती. तरी मॅनिफोल्ड घडवणाऱ्या अभियंत्यांना पुढे त्यांचेच गणित कामी आले.

आता सिलिंडरच्या तोंडाशी काय होते ते पाहू. चोषणाची झडप उघडते, दट्ट्या वेगाने खाली जातो. झडपेजवळ हवा एकदम विरळ होते. हे विरलन ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटर या गतीने, नळीतून उलट बाहेर धावते. नळीच्या उघड्या टोकाशी पोचल्यावर ते परावर्तित होते. उघड्या टोकावरून परत येताना विरलनाचे संपीडन होते, हे आपण ध्वनीच्या प्रकरणात शिकवतो. हे संपीडन झडपेकडे परत येते. झडप मिटण्याच्या बेतात असताना ते पोचले, तर जाता जाता थोडी जास्तीची हवा आत ढकलते. फार लवकर आले तर त्याचा उपयोग निसटतो. उशिरा आले तर बंद झडपेवर आपटून परत फिरते.

म्हणजे सगळा खेळ वेळेचा आहे. फळ्यावर करता येईल असे स्थूल गणित मांडू. दट्ट्याचे चोषण सर्वांत जोरात असते ते खाली जाण्याच्या मध्याच्या सुमारास. तेथून धाव संपेपर्यंत क्रँकशाफ्ट आणखी साधारण ९० अंश, म्हणजे पाव फेरा फिरतो. लाटेने जाऊन-येऊन तेवढाच वेळ घ्यावा. इंजिन मिनिटाला ६००० फेरे करीत असेल तर एका फेऱ्याला १० मिलिसेकंद आणि पाव फेऱ्याला अडीच मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ध्वनी ८५ सेंटिमीटर जातो. जाणे आणि येणे मिळून हे अंतर, म्हणून नळीची लांबी त्याच्या निम्मी, सुमारे ४२ सेंटिमीटर. फेरे ३००० असतील तर वेळ दुप्पट, म्हणून नळीही दुप्पट, ८५ सेंटिमीटर. सूत्र करायचे तर २५५० ला मिनिटाच्या फेऱ्यांनी भागावे. लांबी मीटरमध्ये मिळते.

हे सूत्र कच्चे आहे. झडपेपर्यंतची इंजिनाच्या आतली वाट, झडप मिटण्याची नेमकी वेळ, नळीचा व्यास यांनी प्रत्यक्ष आकडा बराच बदलतो. जागा पुरत नसेल तर लाटेच्या पहिल्या परतीऐवजी दुसऱ्या किंवा तिसऱ्या परतीचा उपयोग करून नळी आखूड ठेवतात. पण सूत्राने दाखवलेली दिशा पक्की आहे : लांब नळी कमी फेऱ्यांना साथ देते, आखूड नळी जास्त फेऱ्यांना. बासरी लांब केली की स्वर खाली उतरतो, त्यातलाच हा प्रकार.

बाहेरून सारख्या, आतून वेगळ्या

हे तत्त्व रस्त्यावरच्या गाडीत उघडपणे दिसले ते १९६० साली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने '३००-एफ' ही गाडी बाजारात आणली. तिचे इंजिन ६.८ लिटरचे, व्ही-८. त्याच्या मॅनिफोल्डच्या नळ्या तब्बल ७६ सेंटिमीटर लांब होत्या. त्या मावाव्यात म्हणून उजव्या ओळीतील सिलिंडरांच्या नळ्या इंजिनावरून डावीकडे नेल्या आणि डाव्या ओळीच्या उजवीकडे. हाताची घडी घातल्यासारखे ते दिसे.

या इंजिनाची शक्ती ३७५ अश्वशक्ती होती आणि सर्वाधिक टॉर्क, सुमारे ६७० न्यूटन-मीटर, मिनिटाला २८०० फेऱ्यांवर मिळे. रस्त्यावर पुढच्या गाडीला मागे टाकताना इंजिन साधारण याच टप्प्यात असते. लांब नळ्यांनी नेमके तेथे बळ दिले होते.

कंपनीने मोजक्याच गाड्यांसाठी याच इंजिनाचा दुसरा प्रकारही केला. बाहेरून पाहिले तर नळ्या तेवढ्याच लांब. पण आतील दोन शेजारी नळ्यांमधली भिंत निम्म्या लांबीपर्यंत काढून टाकलेली. भिंत नाही तेथे नळी 'नळी' राहत नाही, ती मोकळी पोकळी होते आणि लाट तेथूनच परत फिरते. ध्वनीच्या दृष्टीने ७६ सेंटिमीटरची नळी ३८ सेंटिमीटरची झाली. या इंजिनाची शक्ती ४०० अश्वशक्ती भरली. सर्वाधिक टॉर्क मात्र ६३० न्यूटन-मीटरपर्यंत उतरला आणि तो मिळण्यासाठी इंजिन ३६०० फेऱ्यांपर्यंत न्यावे लागे. अशा गाडीने त्या वर्षी डेटोना येथे ताशी सुमारे २३३ किलोमीटरचा वेग गाठला.

आमच्या मते या विषयात वर्गात सांगण्याजोगे याहून चांगले उदाहरण नाही. कल्पना तीच आणि इंजिनही तेच, फक्त आतली एक भिंत कमी केली. २५ अश्वशक्ती मिळाल्या, पण वरच्या फेऱ्यांना. खालच्या फेऱ्यांना बळ गेले. जाहिरातीत बहुधा पहिला आकडा छापला जातो. गाडी रोज चालवणाऱ्याला अनुभव दुसऱ्या आकड्याचा येतो.

पेट्रोल नळीतून बाहेर पडते

मॅनिफोल्डमधून हवा आणि पेट्रोल दोन्ही जात होती, तोवर तिला हवी तशी लांब करणे कठीण होते. नळी लांब तेवढे पेट्रोल भिंतीला चिकटायचे. सुटका झाली ती इंधन थेट पुढे नेऊन सोडण्याच्या पद्धतीमुळे. जर्मनीतील मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या १९५४ सालच्या '३०० एसएल' या स्पोर्ट्स कारमध्ये पेट्रोल पंपाच्या दाबाने सरळ सिलिंडरमध्ये सोडले जाई. मॅनिफोल्डमध्ये उरली फक्त कोरडी हवा. मग अभियंत्यांनी इंजिन एका बाजूला कलते बसवून लांब नळ्यांना जागा करून दिली. तीन लिटरच्या या इंजिनातून २१५ अश्वशक्ती मिळाली. त्या काळी हा आकडा थक्क करणारा होता.

पुढे झडपेच्या तोंडाशी पेट्रोलचा बारीक फवारा सोडणारे आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने चालणारे इंजेक्टर स्वस्त झाले. कोरड्या नळीला तापवण्याचे कारण उरले नाही, उलट ती थंड असलेली बरी. म्हणून लोखंडाच्या जागी ॲल्युमिनियम आले आणि पुढे काचतंतू मिसळलेले नायलॉन. नायलॉन उष्णता कमी वाहून नेते, हलके असते आणि आतून गुळगुळीत साचता येते. त्यामुळे 'प्लॅस्टिकची नळी म्हणजे हलका माल' ही समजूत येथे चुकीची ठरते.

लांब की आखूड या पेचावरही १९८०-९० च्या दशकांत तोड निघाली. प्रत्येक सिलिंडरला एक लांब आणि एक आखूड वाट द्यायची आणि फेऱ्यांप्रमाणे आतली पडदी उघड-मिट करायची. सर्वांत धाडसी प्रयोग जपानच्या माझदा कंपनीचा. तिच्या '७८७-बी' या शर्यतीच्या गाडीत हवेच्या नळ्या दुर्बिणीसारख्या एकात एक सरकत आणि धावत्या गाडीत लांबी सतत बदलत राही. १९९१ साली फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांची शर्यत या गाडीने जिंकली.

आपल्याकडची वाटचाल

महाराष्ट्रात मोटारगाडीचा उद्योग रुजवणाऱ्यांत वालचंद हिराचंद यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाटच्या परवान्याखाली ज्या गाड्या निघाल्या, त्यांतली प्रीमियर पद्मिनी सगळ्यांना ठाऊक आहे. १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, एक कार्ब्युरेटर आणि साधी ओली नळी. विदर्भाच्या उन्हाळ्यात अशा गाड्यांच्या नळ्यांत पेट्रोलचीच वाफ होऊन गाडी बंद पडे. मग चालक पेट्रोलच्या पंपाला ओले फडके गुंडाळीत. बाष्पीभवनाने थंडावा मिळतो याचा इतका चांगला दाखला पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली.

कार्ब्युरेटरला आपल्याकडे खरा धक्का दिला तो धुराच्या नियमांनी. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी दिल्ली परिसरातील नव्या गाड्यांसाठी युरोपच्या धर्तीचे निकष लवकर लागू करण्याचा आदेश दिला. १ एप्रिल २००० पासून देशभर नव्या गाड्यांना कडक मर्यादा आल्या. मोटारगाड्यांत इंजेक्टर आले, नळ्या कोरड्या झाल्या. १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज ६' लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींतूनही कार्ब्युरेटर गेला. गाडीची शक्ती, इंधनखर्च आणि धूर मोजण्याची सोय मात्र आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. पुण्यात वेताळ टेकडीवरची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे 'एआरएआय', ही संस्था १९६६ पासून हे काम करीत आहे.

स्पोर्ट्स कारचा मॅनिफोल्ड स्वतः आखण्याची संधी आज आपल्या विद्यार्थ्यांना मिळते ती अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्पर्धांत. एसएई इंडिया या संस्थेची 'सुप्रा' ही स्पर्धा २०११ पासून होते. विद्यार्थ्यांनी एका माणसाची छोटी शर्यतीची गाडी स्वतः बनवायची असते. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांचे संघ अशा स्पर्धांत उतरतात. पेट्रोल इंजिनाच्या गाड्यांना एक गमतीचा नियम असतो : इंजिनाला लागणारी सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच भोकातून गेली पाहिजे.

हे भोक म्हणजे नाण्याएवढी वाट. इंजिन कितीही ओढ देवो, भोकातील हवेचा वेग तेथील ध्वनीच्या वेगाइतका झाला की वस्तुमानाचा प्रवाह आणखी वाढत नाही. गणित केले तर सेकंदाला जेमतेम ७४ ग्रॅम हवा मिळते. तेवढ्या हवेत सुमारे ५ ग्रॅम पेट्रोल जळते. त्याच्या उष्णतेचा तीसेक टक्के भाग चाकांच्या कामी आला असे धरले तर शक्ती ९० अश्वशक्तीच्या आसपास येते. ही कमाल मर्यादा सगळ्यांना सारखी. मग संघांमध्ये फरक पडतो तो मॅनिफोल्डने. भोकामागची पोकळी किती मोठी, नळ्या किती लांब, वळणांतून बाहेर पडताना इंजिनाचे फेरे किती असतील, हे ठरवावे लागते. आखूड वळणांच्या वाटेवर कमाल शक्तीपेक्षा मधल्या फेऱ्यांचे बळ अधिक उपयोगी पडते. क्रायस्लरने १९६० साली केलेली निवड येथे विसाव्या वर्षीच करावी लागते, आणि तीही मोजून.

निवड करताना

आता बाजारातील वस्तूकडे वळू. स्पोर्ट्स कारसाठी मॅनिफोल्ड निवडणाऱ्याने पहिला प्रश्न स्वतःला विचारावा : माझे इंजिन बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर चालते? समृद्धी महामार्गावर मोटारगाड्यांना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला वरच्या गिअरमध्ये बहुतेक गाड्यांचे इंजिन कमाल फेऱ्यांच्या निम्म्यापेक्षाही खाली असते. ७००० फेऱ्यांवर बळ देणारी आखूड, रुंद नळी तेथे काही देत नाही, उलट घेते.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. ४५ अंश सेल्सिअसच्या हवेची घनता १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी कमी असते. कारखान्याची नळी बहुधा बाहेरची हवा घेते. ती काढून बॉनेटखाली उघडी जाळी बसवली आणि तेथील हवा ६० अंशांची असली, तर उन्हाळ्यात आणखी साडेचार टक्के हवा गमावली जाते. आवाज मात्र वाढतो आणि वाढलेल्या आवाजालाच शक्ती समजले जाते. गाळणीचे काम धूळ अडवणे हे आहे. काळ्या मातीच्या मुलखात विरळ जाळीतून गेलेली धूळ सिलिंडरच्या भिंती खरवडते.

तिसरा प्रश्न जोडण्यांचा. पेट्रोल गाडीत ब्रेक दाबायला मदत करणारी यंत्रणा बहुधा मॅनिफोल्डमधील कमी दाबावर चालते. नव्या नळीला ती जोडणी नीट नसेल किंवा सांध्यातून हवा शिरत असेल, तर पेडल जड होते आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागते. गळतीमुळे मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन तापते, हा वेगळा तोटा. दाब आणि तापमान मोजणारे संवेदक तेथेच असतात. नळी बदलली की इंधनाचे प्रमाण ठरवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही नव्याने जुळवावी लागते. म्हणून बदलापूर्वी आणि नंतर डायनॅमोमीटरवर घेतलेला, सगळ्या फेऱ्यांवरचा आलेख मागावा. एकच मोठा आकडा पुरेसा नाही.

चौथा प्रश्न कायद्याचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात याच अर्थावर भर दिला. धुराच्या मर्यादा तर पाळाव्याच लागतात. शर्यतीची गाडी शर्यतीच्या मार्गावर चालवावी. सार्वजनिक रस्त्यावर आपल्या प्रयोगाचा धोका इतरांनी का पत्करावा?

वर्गात करून पाहण्यासाठी

एक उंच भांडे पाण्याने भरावे आणि त्यात दोन्ही टोके उघडी असलेली प्लॅस्टिकची नळी उभी धरावी. ५१२ हर्ट्झचा नादकाटा वाजवून नळीच्या वरच्या तोंडाशी न्यावा. नळी हळूहळू वर उचलावी. पाण्यावरचा हवेचा स्तंभ साधारण १६ सेंटिमीटरचा झाला की आवाज एकदम भरून येतो. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे तो मावळतो. २५६ हर्ट्झचा काटा घेतला तर ही लांबी जवळजवळ दुप्पट भरते. मुलांनी प्रत्येक लांबीला आवाज कमी की जास्त याची नोंद करून आलेख काढावा. त्याला एकच शिखर दिसेल आणि काटा बदलला की शिखर सरकेल. मॅनिफोल्डच्या टॉर्कच्या आलेखाशी तो ताडून पाहावा.

नंतर पुढील प्रश्न द्यावेत. १) लेखातील सूत्राने मिनिटाला १०,००० फेऱ्यांसाठी नळीची लांबी काढा. मोटारसायकलीच्या टाकीखाली ती मावेल का? २) ४५ अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५७ मीटर असतो. मग तीच नळी मेहकरच्या हिवाळ्यातील पहाटे आणि मे महिन्यातील दुपारी एकाच फेऱ्यांवर साथ देईल का? ३) क्रायस्लरच्या दोन इंजिनांपैकी रुग्णवाहिकेसाठी कोणते निवडाल? उत्तराबरोबर कारणही लिहा. तिसऱ्या प्रश्नावर वर्गात दोन तट पडले तर घाईने निकाल देऊ नये. दोन्ही बाजूंना आपापल्या म्हणण्यासाठी फेऱ्यांचे आकडे मांडायला सांगावे.